तांबड्यांचा डबा

सोमवार, ९ जानेवारी

बेकरीच्या मालकांनी आज मला ही डायरी दिली. गेल्या वर्षीची आहे, पण कोरी. तारखा चालतात, वार चुकतात. म्हणून छापलेला वार एका रेघेने खोडून वर खरा वार लिहीत जाईन. नववीत शाळा सुटली तरी माझे शुद्धलेखन चांगले आहे आणि ते वापरायला कुठे जागा नाही. पावाच्या पुड्यावर नुसते वजन लिहायचे असते.

डायरीत लिहावे असे आज घडलेही. रिकामे डबे न्यायला भंगारवाला आला होता. गळ्यात दोरीने लोहचुंबक अडकवलेले असते म्हणून त्याला सगळे चुंबकच म्हणतात. चहाचे पैसे देताना त्याने सर्वांत लहान नाणी, म्हणजे तांबड्या, गल्ल्यावर पसरल्या आणि गळ्यातले चुंबक वर धरले. तीन उडून चिकटल्या. दोन जागच्या हलल्या नाहीत.

"चिकटल्या त्या नव्या," तो म्हणाला. "आत लोखंड, वरून रंगसफेदी. ह्या दोन जुन्या. अंगभर तांबं. हिच्यावर लिहिलंय एक, पण वितळवलीस तर दोनाला जाते."

"वितळवणं गुन्हा असेल ना?"

"असेल. पण तांब्याला तोंड नसतं."

मी त्या दोन ठेवून घेतल्या आणि गल्ल्यात माझ्या खिशातून तेवढे पैसे टाकले. एकीच्या कडेला खिळ्याने खाच केली. पहिली म्हणून.

रविवार, १५ जानेवारी

सुट्टी. विचार करून निर्णय घेतला. बाबा मेअखेर निवृत्त होणार. एवढी वर्षे त्यांनी बसमध्ये कंडक्टर म्हणून उभ्याने काढली. घरी आले की पाय बादलीत सोडून बसतात, तेही स्टुलावर, कारण आमच्याकडे पाठ टेकायची खुर्ची नाही. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या दुकानात एक आरामखुर्ची आहे, हात रुंद, पाय ठेवायला पुढे ओढायची फळी. मी रोज जाता-येता तिची किंमत वाचतो. ती बदललेली नाही.

माझ्या पगारातून ती जमणार नाही, पगार आईच्या हातात जातो. पण वरखर्चाला मिळते त्याच्या तांबड्या केल्या तर ते दुप्पट होईल. मी घरात कुणाला सांगणार नाही. माझ्या हातून काही नीट होते हे झाल्यावरच कळलेले बरे.

मालकांकडून तेलाचा चौकोनी डबा मागून आणला. खाटेखाली बरोबर बसतो. आईला सांगितले, बचत करतोय.

"कर बाबा," ती म्हणाली. "थेंबे थेंबे तळे साचे. फक्त झुरळं होऊ देऊ नकोस."

शुक्रवार, २७ जानेवारी

पद्धत बसली. चुंबकाने दिलेला लोहचुंबकाचा तुकडा गल्ल्याच्या फळीखाली चिकटवून ठेवला आहे. गिऱ्हाइकाने तांबड्या दिल्या की मी त्या फळीवरून सरकवतो. लोखंडी असेल ती अडखळते, तांब्याची सरळ माझ्या हातात येते. कुणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक तांबडीमागे गल्ल्यात पैसे भरतो, त्यात काडीचा फरक नाही. लोखंडीसुद्धा आता कमीच येतात, म्हणून गल्ल्यात सुटे राहत नाहीत. मालकांनी त्यावर तोड काढली. सुट्यांऐवजी एक बिस्कीट द्यायचे.

"तुझ्या हाताला गुण आहे," मालक म्हणाले. "मोडकी बिस्किटंसुद्धा खपायला लागली."

जाड चष्म्याच्या बाई मात्र चिडल्या. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, रोज अर्धा पाव नेतात. "मला दात नाहीत आणि तुम्ही मला बिस्कीट देता? माझे दोन परत द्या." माझ्या खिशात पुष्कळ होत्या, पण सगळ्या तांब्याच्या. मी म्हणालो, "उद्या देतो." घरी जाईपर्यंत कान गरम होते.

आज बाबाही वैतागून आले. भाडे वाढल्यापासून प्रत्येक पूर्ण तिकिटामागे दोन तांबड्या परत द्याव्या लागतात आणि आगारातून सकाळी सुट्यांची जी पुडी मिळते ती पहिल्या फेरीतच संपते. मग तिकिटामागे 'बाकी २' लिहून द्यायचे, आणि प्रवाशाने ते आगाराच्या खिडकीवर जाऊन घ्यायचे. दोन तांबड्यांसाठी आगारात कोण जातो? लोक बाबांनाच बोलतात.

"एकजण म्हणाला, मास्तर, यातून बंगला बांधा," बाबा म्हणाले. "सुटे गेले कुठे गावातले? जमिनीत मुरले का?"

मी म्हणालो, सरकारने नाणी कमी पाडली असतील.

बुधवार, ८ फेब्रुवारी

आता घराजवळचा दूधवाला, चांभार आणि टेलिफोनचे दुकान यांच्याकडूनही सुटे बदलून घेतो. त्यांना वाटते बेकरीसाठी नेतो. खोटे मी बोललो नाही, ते तसे धरून चालले.

चुंबकाकडून ताणकाटा आणला आहे. डबा दारावरच्या कडीला टांगून वजन केले. ते इथे लिहीत नाही, कोणी वाचले तर. पण वाढते आहे.

आईने पाहिले. "नाणी मोजतात रे, तोलत नाहीत," ती म्हणाली. "आमच्या घरात कवडीचुंबक जन्माला आला." हसली, पण नंतर बराच वेळ माझ्याकडे पाहत शर्टाला काजे करत बसली होती. ती शिलाईवाल्याकडून काजे-बटणांचे काम आणते.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

एक चांगली आणि एक विचित्र गोष्ट.

चांगली ही की बाबांचे सुट्यांचे गाऱ्हाणे बंद झाले. आठवडाभर ते खुशीत आहेत. कालच्या फेऱ्यांत एकाही तिकिटामागे लिहावे लागले नाही म्हणाले. आगाराने काहीतरी सोय केली असावी.

विचित्र ही की डबा हलका होतो आहे. मी रोज भर घालतो आणि काटा मागे येतो. ताणकाटा बिघडला म्हणावे तर पावाच्या वजनाला तो बरोबर आहे. वरून पाहिले तर डबा तेवढाच भरलेला दिसतो. चुंबकाला विचारले, "तांबं हवेनं झिजतं का?"

"तांबं नाही झिजत. माणूस झिजतो," तो म्हणाला. "किती जमलंय ते सांग, भाव चढलाय."

शनिवार, ४ मार्च

आज घाईत लिहितो आहे, अक्षर वाईट येईल.

दुपारी एका बाईने पावाचे पैसे दिले, त्यात खाच केलेली तांबडी होती. माझीच, पहिली. मी ती डब्यात तळाशी ठेवली होती. खिळ्याची खाच मी ओळखतो, ती किंचित तिरकी गेली आहे.

दोन शक्यता आहेत. एक, गावात आणखी कोणीतरी तांबड्या जमवतो आणि तोही पहिलीला खाच करतो. म्हणजे मला स्पर्धक आहे. दुसरी शक्यता मी अजून शोधतो आहे.

त्या बाई बसमधून उतरून सरळ आल्या होत्या. त्याचा इथे काही संबंध नाही, पण सगळे लिहायचे ठरवले आहे म्हणून लिहिले.

रविवार, १२ मार्च

आई बाजारात गेल्यावर डबा उपडा केला. वरचा थर तांबड्यांचा. खाली सगळी पांढरी मोठी नाणी. माझ्या तांबड्या कोणीतरी काढून नेल्या आणि त्यांच्या किमतीची नाणी ठेवली. मी सबंध सकाळ बेरीज केली. एका पैशाचा फरक नाही. मोजताना चूक नको म्हणून त्याने दहा-दहाच्या चळती करून दोऱ्याने बांधल्या आहेत.

असा कसा चोर, जो मोजून पैसे ठेवून जातो? आणि दोरा कुठला? पांढरा, मेण लावलेला, काजे करतात तसला. दारातून कोणी शिरत असेल तर त्याला आईच्या टोपलीतला दोरासुद्धा माहीत आहे. शेजारच्या खोलीत नवा भाडेकरू आला आहे, त्याची नजर मला पहिल्यापासून आवडली नव्हती.

दूधवाल्याकडे आणि इतरांकडे त्या पांढऱ्या नाण्यांच्या पुन्हा तांबड्या करून घेतल्या. आज सुट्टी असूनही डबा सायकलवर लादून बेकरीत नेला आणि पिठाच्या खोलीत पोत्यांमागे ठेवला.

सोमवार, १३ मार्च

सकाळी आई खाटेखाली वाकून म्हणाली, "तुझा डबा कुठे रे?"

मी सांगितले, विकला.

"सगळा?"

"सगळा."

ती तशीच वाकलेली राहिली. मग उठून पदराला हात पुसले. बाबा दारात थैली गळ्यात घालून उभे होते. आई त्यांना म्हणाली, "आज मिळाले नाहीत हो." बाबा म्हणाले, "असू दे, चालवतो कसंतरी," आणि गेले. आज बाजाराचा दिवस, गर्दी असणार.

काय मिळाले नाही ते मला कळले नाही. बहुतेक गूळ.

मंगळवार, १४ मार्च

काल बाबा दिवेलागणीनंतर आले. पाय धुतले नाहीत. स्टुलावर बसून राहिले.

तपासणी पथक त्यांच्या बसमध्ये चढले होते. बस खच्चून भरलेली आणि सुटे अजिबात नाहीत. बाबा सकाळपासून तिकिटांमागे 'बाकी २' लिहीत होते. पथकाने तिकिटे आणि थैली जुळवली तर थैलीत पैसे जास्त. न दिलेले सुटे, दुसरे काय. पण पथकाला ते कसे कळणार? थैलीत कमी भरले तर कंडक्टर पदरचे घालतो, कोणी काही म्हणत नाही. जास्त भरले तर त्याचा एकच अर्थ लावतात, भाडे घेतले आणि तिकीट दिले नाही. चोरी.

"इतक्या वर्षांत एक लाल रेघ नाही माझ्या नावावर," बाबा म्हणाले. "आणि शेवटी हे."

आगारप्रमुखांनी लेखी खुलासा मागितला आहे. ते वाईट माणूस नाहीत, बाबा सांगतात. म्हणाले, तुम्ही सांगता ते खरं असेल तर ती बाकी लिहिलेली तिकिटं कुठेतरी असतीलच. महिनाअखेरपर्यंत आणा, बेरीज जुळली तर कागद फाडून टाकतो. नाही तर मला वर पाठवावा लागेल. वर गेला की निवृत्तीचे पैसे अडकतात.

"कुठून आणू तिकिटं? लोकांनी दात कोरून टाकली असतील."

मग आई बोलली. माझ्याकडे न पाहता.

"महिनाभर मी ह्याच्या डब्यातले सुटे रोज सकाळी ह्यांना देत होते. ह्यांनी बदल्यात बंदे दिले ते दहा-दहाचे बांधून परत डब्यात ठेवले. ह्याची बचत, तिला हात कशाला लावू? पैसे तेवढेच होते रे. मोजून ठेवले होते."

ती पुढे म्हणाली, "एवढे सुटे कशाला साठवत होतास?"

मी सांगितले. तांबे, चुंबक, फळीखालचा तुकडा, दूधवाला, चांभार, सगळे. खुर्चीचे तेवढे सांगितले नाही.

आई म्हणाली, "म्हणजे तू गावातनं गोळा करायचास, मी ह्यांना द्यायची, हे गावाला द्यायचे आणि तू पुन्हा गोळा करायचास." थांबली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

बाबा हसले. मला वाटले होते ते मारतील. त्यांनी कधी मारलेले नाही, तरी वाटले होते. ते हसले आणि मग तोंडावर हात धरून तसेच बसून राहिले.

आत्ता लिहिताना कळले, खाचेची तांबडी कुठून आली होती. दहा दिवसांपूर्वी मी बसचे लिहिलेसुद्धा होते.

गुरुवार, १६ मार्च

दोन दिवस विचार केला. बाबांची बस बेकरीसमोर थांबते. आगाराच्या खिडकीवर कोणी जात नाही, पण पावाला सगळे येतात. मी मालकांना सगळे सांगितले. नोकरी जाईल या तयारीने सांगितले.

मालकांनी भट्टीचे दार लावले. "म्हणजे माझ्या बिस्किटांना तू गिऱ्हाईक लावलंस, हातगुण नव्हता."

"नाही."

"लाव बोर्ड. पण पाव विकता विकता."

पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले: बसच्या तिकिटामागे लिहिलेली बाकी येथे रोख मिळेल. डबा पिठाच्या खोलीतून बाहेर काढून गल्ल्याशेजारी ठेवला.

बाबांची एक अट. "प्रत्येक तिकिटावर माणसाची सही घे. नाव आणि गल्ली. नाही तर म्हणतील रस्त्यावरनं वेचून आणली." त्यामुळे एकेका दोन तांबड्यांना वेळ लागतो. पावाच्या रांगेतले लोक कुरकुरतात.

सोमवार, २० मार्च

माझ्याकडून चूक झाली. बोर्डावर तारीख लिहायला हवी होती, तेरा मार्च. मी लिहिली नाही. लोक भाडे वाढल्यापासूनची तिकिटे घेऊन येत आहेत, सगळ्या बसची, सगळ्या कंडक्टरांची. एका माणसाने चपलांच्या खोक्यातून आणली. त्याला विचारले, एवढी जपून का ठेवली होती?

"कुणीतरी कधीतरी देईल म्हणून," तो म्हणाला.

मी सगळ्यांना बाकी दिली. बोर्डावर लिहिले आहे ते लिहिले आहे. वाचणाऱ्याची काय चूक?

बाबांच्या त्या दिवसाची तिकिटे वेगळ्या पुड्यात बांधतो आहे. अर्ध्याच्या वर आली. डबाही अर्ध्यावर आला.

चुंबक येऊन गेला. "वेडा आहेस का? दोनाचा माल एकाला वाटतोयस." मी म्हणालो, हो. तो तिथेच उभा राहिला, मग पाठीमागच्या खिशातून एक चुरगळलेले तिकीट काढले. तेराचेच होते. सही म्हणून त्याने अंगठा केला. तांबड्या त्याने चुंबकाला लावून पाहिल्या, मग खिशात टाकल्या.

शनिवार, २५ मार्च

आज एका पोराच्या आईला देताना वाटले की खाच केलेली तांबडी गेली. हाक मारून पाहणार होतो. रांग मोठी होती.

पुड्यात आता फक्त एक तिकीट कमी आहे. बाबांनी मनाशी पुन्हा पुन्हा बेरीज केली. आई म्हणाली, "एवढ्यावर साहेब मान्य करतील. दोन तांबड्यांसाठी कोण अडेल?"

"मी अडेन," बाबा म्हणाले. "एक कमी म्हणजे तेवढी चोरी. मी केलेली नाही."

आई चिडली. "तुम्ही बापलेक एका साच्यातले." हे ती बोलली तेव्हा मला बरे वाटले. तसे वाटायला नको होते.

शुक्रवार, ३१ मार्च

शेवटचा दिवस. बाबांची रजा. ते सकाळपासून बेकरीसमोर थांब्याला टेकून उभे, पुडा बगलेत. आगाराची कचेरी पाचला बंद होते. मी प्रत्येकाला विचारत होतो. पाव घेणारे, न घेणारे, नुसते सावलीला आलेले.

चारच्या सुमारास जाड चष्म्याच्या बाई आल्या. बरेच दिवस आल्या नव्हत्या, पडशाने आजारी होत्या. बोर्ड चष्म्याजवळ नेऊन वाचला.

"शुद्ध लिहिलंय," म्हणाल्या. "कोणी लिहिलं?"

"मी."

"तारीख नाही टाकलीस."

"विसरलो."

त्यांनी पिशवीतून पुस्तक काढले. त्यात खुणेला तिकीट होते. १३ मार्च, मागे बाबांचे अक्षर, बाकी २. मी पेन पुढे केले. त्यांनी सही केली, नाव, गल्ली, घराचा क्रमांक, सगळे ठळक आणि वळणदार. मग हात पुढे केला.

"दोन. आणि जानेवारीतले माझे दोन. उद्या देतो म्हणाला होतास."

चार दिल्या. त्यांनी पुस्तकात खुणेला बेकरीचा कागद घातला.

बाबा पुडा घेऊन गेले. बस मिळाली नाही म्हणून चालत गेले. मी पाव चुकीचे तोलत होतो, मालकांनी मला तागडीवरून उठवून झाडू दिला.

बाबा साडेपाचला परत आले. खिशातून कागदाचे चार तुकडे काढून गल्ल्यावर ठेवले, फाडलेले. मालकांनी त्यांना चहा दिला. ते बसायला जागा शोधू लागले. बेकरीत बसायला काही नाही. मी डबा पाहिला. तळाशी दोन-चार तांबड्या होत्या, त्या गल्ल्यात टाकल्या आणि डबा उपडा करून दारात ठेवला. बाबा त्यावर बसले, पाठ भिंतीला टेकली, पाय लांब केले. डोळे मिटून चहा प्यायले.

तेवढ्यात चुंबक ताणकाटा परत न्यायला आला. डब्याकडे पाहून म्हणाला, "तांबं गेलं ते गेलं. पत्रा तरी दे. चांगला भाव देतो."

"माणूस बसलाय ते दिसत नाही का?" बाबा डोळे न उघडता म्हणाले.

डबा इतके दिवस पिठाच्या खोलीत होता आणि मी तो पुसला नव्हता. बाबांच्या पँटला मागून पीठ लागले असणार. सांगायला हवे होते. सांगितले असते तर ते उठले असते.